घरातले वाहक

आमच्या सासूबाईंचं संशोधन कुठल्याच प्रयोगशाळेला जमलं नसतं. मुलगी आईवर जाते, मुलगा बापावर. तेव्हा थोरलीच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबत नाही ते माझ्या माहेरचं, आणि धाकटा मात्र चोवीस कॅरेट. त्याचे कान आजोबांसारखे आहेत, एवढा पुरावा बाईंना पुरला.

थोरलीचा आजार ती शाळेत जायला लागली तेव्हा कळला. तिच्या रक्तातल्या प्लेटलेट मोजायला गेलं तर पुरेशा, पण त्या एकमेकींना चिकटतच नाहीत. साधा दात पडला तरी उशी लाल. तिच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले की सासूबाई म्हणणार, "रक्तच खराब." तस्सेच डाग नातवाच्या अंगावर दिसले की, "दंगेखोर आहे हो मेला!" त्याच्या नाकातून रक्त आलं तर उष्णता. यालाही तपासून घेऊ म्हणून मी घसा कोरडा केला. आमचे हे म्हणाले, "आईला विचारतो." विचारलं. उत्तर काय येणार ते दारातल्या पायपुसण्यालाही ठाऊक होतं.

मग धाकट्याचे टॉन्सिल सुजले आणि ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी सर्जननी विचारलं, "घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास?"

"आमच्याकडे कुणालाच नाही," हे ठणकावून म्हणाले.

आमच्याकडे! थोरली बाहेर बाकावर नाकात कापूस घालून बसली होती, ती बहुधा शेजाऱ्यांची. सर्जननी प्लेटलेटचा आकडा बघून मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा," मी म्हटलं. "याच्या सख्ख्या बहिणीला आहे. बाहेर बसलीय, बघून घ्या. आणि आकडा तिचाही असाच छान येतो."

"चारचौघांत शोभा केलीस," हे पुटपुटले. पण ऑपरेशन थांबलं, आणि धाकट्याबरोबर आम्हा दोघांचंही रक्त तपासायला गेलं.

निकाल सांगायला जनुकांच्या डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, "मुलालाही तोच आजार आहे. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो, मग मुलगा असो की मुलगी. तुमच्याकडे एकेकच बिघडलेली आहे, म्हणून तुम्हाला स्वतःला त्रास नाही. पण तुम्ही दोघंही वाहक आहात."

"छे छे," हे म्हणाले, "वाहक माझे वडील होते. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली त्यांनी. मी डेपोत, वर्कशॉपला आहे."

अशा वेळीही मला हसू फुटलं. बाई नाही हसल्या. त्यांनी यांच्याकडे बोट दाखवलं. "एक प्रत तुमची, एक तुमच्या पत्नीची. एकट्या आईकडून हा आजार येतच नाही."

"आणि त्या दिवशी कापलं असतं तर?" मी विचारलं.

"बेसावध कापलं असतं तर रक्त थांबवणं हाताबाहेर गेलं असतं. आता रक्तदात्यांच्या प्लेटलेट जवळ ठेवून, तयारीनं करू."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. वाटलं, आता तरी पोराला जवळ घेतील. पोरगं माझ्या मांडीवर बसून पायानं टेबलाला लाथा मारत होतं. हे माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "आईला काय सांगायचं गं?"

"सांगा, नातू जिवंत आहे," मी म्हटलं. "त्यावर त्यांची हरकत असेल तर मला कळवा."