तिसऱ्या कानाचं घड्याळ

सकाळभर डोंगराच्या पोटातून येणारे ठोके एकाएकी थांबले, तेव्हापासून केबिनमधली माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देईनाशी झाली होती. कुणी उगाच भिंतीवरचा नकाशा बघत होतं, कुणी थंड झालेला चहा ढवळत बसलं होतं. ताई तेवढी पडद्यासमोरून हलली नव्हती.

डोंगराखालून रस्ता काढायचा म्हणून हा बोगदा खोदणं चाललं होतं. पहाटे त्याचं छत बसलं आणि तिघे आत अडकले. त्यातला एक ताईचा पाठचा भाऊ. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण हा माणूस कुजबुजला तरी बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाई. लहानपणी जेवायला बसला की ताटावर बोटांनी ठेका धरायचा, आणि आई ओरडायची, "अरे, जेवतोस का वाजवतोस?" सकाळी पहिले ठोके आले तेव्हा ताईने तो ठेका तिथल्या तिथे ओळखला होता. "हा आमचाच बोंबल्या!" म्हणत ती हसली होती आणि हसता हसता रडली होती.

आणि आता ते ठोकेही नव्हते.

बोगद्याच्या खडकात तीन यंत्रं बसवली होती. खडकातला बारीकसा हादराही ती टिपत, म्हणून कामावरचे लोक त्यांना कान म्हणत. ठोका पडला की जवळच्या कानाला आधी ऐकू येतो, लांबच्याला मागाहून. हे मागचं-पुढचं मोजलं की ठोका कुठून आला ते सांगता येतं. पण पुढे-मागे म्हणजे किती? डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याहूनही कमी. म्हणून तिन्ही कानांची घड्याळं एकमेकांना अगदी चिकटून चालायला हवीत. ती सगळी यंत्रणा ताईच्या हाताखाली होती.

पहिल्या दोन कानांच्या हिशोबातून दोन जागा निघत होत्या. एक मुख्य बोगद्याच्या टोकाला, दुसरी बाजूच्या आडव्या गल्लीत. दोन्हींपैकी खरी कुठली, ते तिसरा कान सांगणार. आणि तिसऱ्या कानाचं घड्याळ गेल्या वर्षातली तारीख दाखवत होतं.

झालं होतं असं. छत बसलं तशी वीज गेली. तिसऱ्या कानाच्या पेटीतली बॅटरी कधीचीच दमली होती. वीज परत आल्यावर पेटी जागी झाली ती जुनी तारीख उराशी धरूनच. आता प्रत्येक पेटीत घड्याळ जुळवणारा एक प्रोग्रॅम असतो. पडद्यामागे बसून तो केबिनमधल्या मोठ्या घड्याळाकडे बघत राहतो आणि आपलं घड्याळ तसूतसूने त्याच्याशी जुळवतो. मशीनवाले त्याला डेमन म्हणतात. नाव भुताचं, काम साधूचं. पण हा साधू भारी मानी. फरक थोडा असेल तर गुपचूप सावरतो. फरक फारच मोठा दिसला, तर यात काहीतरी गडबड आहे, मी हात लावणार नाही, असं म्हणून सरळ उठून जातो. पहाटे तो तसाच उठून गेला होता. पेटी मात्र आपल्या चुकलेल्या घड्याळावर सकाळचा प्रत्येक ठोका इमानाने नोंदवत राहिली होती.

"ताई, तो डॅश जी लाव आणि मोकळी हो की!" साहेब म्हणाले. साहेब म्हणजे बोगद्याचे मुख्य इंजिनिअर. पहाटेपासून त्यांनी घसा फोडला होता. "तू चालू करताना पुढे डॅश जी लिहिलंस, की कितीही फरक असला तरी पहिल्यांदा तो उडी मारून जुळवून घेतो. तूच शिकवलंयस ना आम्हाला?"

"लावतेय, साहेब."

तिने ओळ लिहिली. प्रोग्रॅमचं नाव, पुढे डॅश जी, म्हणजे आडवी रेघ आणि इंग्रजी जी. बोट एन्टरवर ठेवलं.

दारात भावजय उभी होती. भोंग्याची बायको. ओल्या चपला, विस्कटलेले केस, हातात नवऱ्याचा डबा. पहाटे कामावर जाताना तो डबा विसरला म्हणून ती द्यायला आली होती, आणि डबा अजून तिच्या हातातून सुटला नव्हता.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "हे घड्याळ नीट झालं, की सकाळचे ठोकेपण नीट होतील ना?"

ताईचं बोट तिथेच थिजलं.

नाही होणार. घड्याळ आत्तापासून नीट होईल. सकाळचे ठोके जुन्या चुकीच्याच वेळेवर राहतील. आणि नवे ठोके येत नव्हते. जे काही होतं ते सकाळचं होतं. घड्याळाने एकदा उडी मारली आणि प्रोग्रॅमने त्याची चालही सुधारली, की ते आधी किती चुकत होतं, कसं लंगडत होतं, हे कुणाला विचारणार? ज्या चुकीवर ते ठोके टांगले होते, तीच चूक ताई पुसायला निघाली होती.

"देवा," ती पुटपुटली आणि लिहिलेली ओळ एकेक अक्षर करून खोडली.

"अगं काय करतेस? खोडलंस?"

"साहेब, घड्याळ दुरुस्त नाही करायचं. ते जसं चुकलंय तसंच राहू द्यायचं. ते किती चुकलंय तेवढं विचारायचं, आणि ती चूक सकाळच्या ठोक्यांतून वजा करायची."

"आणि ते तो प्रोग्रॅम सांगेल?"

"सांगेल. मोठा क्यू, म्हणजे कॅपिटल, लावला तर नुसतं मोजून सांगतो, घड्याळाला शिवत नाही. लहान क्यू लावला तर जुळवतो आणि मग उठतो." ती ओळ नव्याने लिहू लागली. "तेवढी गल्लत टाळायचीय."

ओळ पुरी झाली तशी तिने भावजयीला जवळ ओढलं. "अगं, माझ्यावर विश्वास नाही आज माझा. मोठा क्यू दिसतोय ना? बघून सांग."

भावजयीने डबा काखेत मारला आणि पडद्याला नाक लावलं. "शेपटीवालाच आहे, वन्सं. मोठाच आहे."

"डॅश?"

"आहे."

एन्टर. पडद्यावर एक लांबलचक आकडा आला, आणि प्रोग्रॅम घड्याळाला न शिवता उठून गेला. ताईने तो आकडा सकाळच्या ठोक्यांतून वजा केला आणि नकाशावर ठिपका उमटायची वाट बघू लागली.

ठिपका उमटला तो डोंगराच्या पार पलीकडे. जिथे कुणी कुदळही मारली नव्हती तिथे.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "झालं! आता काय डोंगर ओलांडून गेलाय तुझा भाऊ? मी मुख्य बोगद्यात हवेसाठी भोक पाडायला मशीन लावतो. तिथे माणसं असायची शक्यता जास्त."

"साहेब, ते घड्याळ लंगडतंय! पेटी गार पाण्यात उभी आहे, त्याने त्याची चाल मंदावलीय. सकाळी जेवढा फरक होता तेवढा आत्ता नाही. थोडं थांबून परत मोजलं, की किती लंगडतंय ते कळेल. मग सकाळचा फरक काढता येईल. एक तास द्या मला."

"तास?" भावजय किंचाळली. "वन्सं, आत श्वास चाललाय त्यांचा! सख्खा भाऊ ना तुमचा?"

ताईला आत्ताच मोजायला आवडलं नसतं का? पण दोन मोजण्यांच्या मध्ये वेळ जावाच लागतो. लंगडणाऱ्याचं लंगडणं दोन पावलांत दिसत नाही. तिने फक्त भावजयीचा हात धरला. भावजयीनेही तो झिडकारला नाही.

भोक पाडणाऱ्या मशीनचा चालक आतापर्यंत दारापाशी बसून ऐकत होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. मशीन एकच, आणि एक भोक पाडायला दिवस मावळणार. चुकलं तर दुसरं पाडेपर्यंत आतली हवा पुरणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

तो उठला, हात झटकले. "साहेब, मशीनला वंगण द्यायचंय."

"आत्ता? काल दिलंस ना?"

"कालचं कालच्या कामाला. एक तास लागेल." आणि जाता जाता ताईकडे न बघता म्हणाला, "तासाच्या वर लागणार नाही हं, ताई. मलाही खोटं बोलून बोलून किती बोलता येणार?"

साहेबांना कळलं, आणि कळूनही त्यांनी कळलं नाही असं दाखवलं. ते नकाशाकडे तोंड करून उभे राहिले.

तो तास कसा गेला ते ताईलाच ठाऊक. देवाला तिने काय काय नाही म्हटलं! आधी विनवलं, मग भांडली, मग तुझं तूच बघ म्हणून अबोला धरला, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा त्याच्याच पायाशी गेली. भावजय शेजारी जमिनीवर बसून डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. तेवढाच आवाज.

पुन्हा डॅश, पुन्हा शेपटीवाला मोठा क्यू. पुन्हा आकडा. आधीच्यापेक्षा वाढलेला. तासात एवढा, तर ठोके आले तेव्हापासून केवढा? ताईने तेवढं मागे नेलं, एकेक ठोका त्याच्या खऱ्या वेळेवर बसवला, आणि डोळे मिटून घेतले.

"वन्सं, ठिपका आडव्या गल्लीत आलाय."

एक ठोका नव्हे, सगळेच. हातभर जागेत गोळा झालेले.

"उस्ताद!" साहेबांचा फाटका घसा दारातून गरजला. "झालं का तुझं वंगण?"

"केव्हाचं!"

मशीन आडव्या गल्लीकडे लागलं. दुपार कलली, संध्याकाळ आली. शेवटी पाईप पोकळीत सुटल्याचा धक्का बसला. उस्तादाने मशीन बंद केलं आणि पाईपवर पान्याने तीनदा ठोकलं. सगळे कान लावून.

काही नाही.

पुन्हा ठोकलं. काही नाही. भावजय खाली बसली. ताई पाईपला गाल लावून उभी राहिली. पाईप थंडगार होता.

मग आतून ठोका आला. एक. थांबून दुसरा. सावकाश, जड, अडखळत. हा ताटावरचा ठेका नव्हता. हा हात भोंग्याचा नव्हता.

"कोण आहे?" ती पाईपात ओरडली. "भोंगा कुठाय? माझा भाऊ?"

पाईपातून खोल, खरखरीत आवाज आला. "ताई का? आहे इथंच. हात दबलाय त्याचा दगडाखाली, सकाळीच. म्हणून ठोकता येईना. आम्ही दोघं तो दगड हलवण्यात गुंतलो, आणि पाईपही अंधारात आत्ता कुठे सापडला." मग जरा थांबून, वैतागून, "पण तोंड चालू आहे त्याचं. त्याला गप बसायला सांगा हो. आमच्या वाटणीची हवा संपवतोय."

आणि त्याच्याही मागून, दबका, थकलेला, तरी ओळखीचा आवाज: "डबा आणलाय का विचार."

भावजयीने तोंडात पदर कोंबला. उस्तादाने पाना खाली टाकला आणि हवेचा नळ जोडायला धावला.

ताई केबिनमध्ये परतली. तिसऱ्या कानाचं घड्याळ अजून गेल्याच वर्षात होतं, निवांत. तिने पडद्यावर दोन बोटं टेकवली, पाया पडल्यासारखी, आणि ओळ लिहिली. प्रोग्रॅमचं नाव, पुढे डॅश जी. यावेळी बोट थांबलं नाही.