पुसायचा राहिलेला फळा

सुप्याहून मोरगावला जाणाऱ्या रस्त्यालगत एक छोटं गाव आहे. तिथल्या शाळेत आठवीच्या वर्गात, खिडकीशेजारच्या भिंतीवर एक जुना लाकडी फळा टांगलेला आहे. मित्रांनो, तो फळा म्हणजे मी. माझं वय झालं आहे. बुद्धीही बेताचीच. म्हणूनच की काय, गेल्या वर्षी घडलेली एक गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही.

गेणू सुतारांनी मला सागाच्या तीन फळ्या जोडून घडवलं. दर दिवाळीच्या सुट्टीत मला काळा रंग मिळायचा. माझ्यावर गणित चुकलेली मुलं पुढे बाप होऊन याच वर्गाच्या दारात उभी राहिलेली मी पाहिली. तेव्हा मी समोरच्या भिंतीवर होतो. मग तिथे डिजिटल बोर्ड आला आणि मला बाजूच्या भिंतीवर हलवलं. हळूहळू मी तिथे आहे हेच सगळे विसरले. माझ्या खिळ्याला मुलं दप्तरं अडकवायची.

आमच्या शाळेचा गणिताचा निकाल कायम पडलेला असे. राज्यभर एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेची चाचणी होते. तिच्यात आदल्या वर्षी आठवीला सरासरी चौतीस टक्के पडले होते. गणित शिकवणाऱ्या योगिनीबाईंना तो आकडा फार लागला होता. त्या वर्षी त्यांनी जीव तोडून शिकवलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी वीज गेली. डिजिटल बोर्ड काळाठिक्कर. बाईंची नजर माझ्याकडे वळली. त्यांनी दप्तरं बाजूला केली, मला पुसलं आणि क्षेत्रफळाची सगळी सूत्रं माझ्यावर लिहून काढली. मित्रांनो, किती दिवसांनी अंगावर खडू फिरला! मी सुखावून गेलो.

दुसऱ्या दिवशी चाचणी. भिंतीवरचे तक्ते काढले, डिजिटल बोर्ड बंद केला. मला मात्र कुणीच पुसलं नाही. बाई स्वतः वर्गावर होत्या, पण माझ्याकडे पाठ करून उत्तरपत्रिकांवर सह्या करत होत्या. मुलं मान वर करून माझ्याकडे बघत आणि लिहीत. मला वाटलं, किती प्रेमाने बघतात!

निकाल आला. एकाहत्तर टक्के! मुख्याध्यापक हिंदुरावसरांनी पेढे वाटले. बारामतीला शाळेचा सत्कार ठरला. वर्गात टाळ्या वाजल्या. फक्त प्रगती नावाची मुलगी हात बाकाखाली ठेवून बसली होती.

"काय गं प्रगती, बरं नाही का?" बाईंनी विचारलं.

"बाई, त्या दिशी तो फळा पुसायचा ऱ्हायला हुता. मी वर बगून लिवलं. सगळ्यांनीच लिवलं." ती रडवेली झाली. "आमी कॉपी केली का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळे पांगल्यावर त्यांनी हिंदुरावसरांना बोलावून घेतलं.

"सर, चाचणीच्या वेळी जुन्या फळ्यावर सूत्रं तशीच होती. मला तेव्हा ती दिसली होती की नाही, हेच आठवत नाही. खरंच आठवत नाही."

"अहो बाई, सूत्रं बघितली असतील, पण आकडेमोड तर पोरांनीच केली ना? आता सत्काराच्या तोंडावर कशाला उकरून काढताय?"

"बाकीच्या शाळांतल्या पोरांसमोर सूत्रं नव्हती, सर."

मला तर दोघांचंही पटत होतं. बाई मात्र केंद्रप्रमुखांना पत्र लिहून मोकळ्या झाल्या. चूक माझी आहे, मुलांची नाही, त्यांची परीक्षा पुन्हा घ्या, असं त्यांनी कळवलं.

केंद्रप्रमुख सुप्रिया मॅडम नवी प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. त्यांनी आधी मला ओल्या फडक्याने पुसलं. मुलांच्या माना सवयीने वर आल्या. माझं अंग कोरं होतं. इतकं लाजल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

बावन्न टक्के पडले. सत्कार दुसऱ्या शाळेचा झाला. हिंदुरावसर दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत.

"बाई, बावन्न म्हंजी चांगलं का वाईट?" मागच्या बाकावरच्या समर्थने विचारलं.

"बावन्न म्हणजे आपले बावन्न," बाई म्हणाल्या. "आता उरलेले कुठं गेले, ते शोधू."

प्रगतीचा समलंब चौकोन चुकला होता. सूत्र आठवलं नाही म्हणून तिने जागा कोरी सोडली होती. बाईंनी तिला माझ्यासमोर उभं केलं.

"सूत्र राहू दे. तुमचं बाजरीचं रान कसं आहे, ते काढ."

तिने काढलं. रस्त्याकडची बाजू चाळीस मीटर, ओढ्याकडची साठ, मधली रुंदी तीस. एका अंगाला काटकोन, दुसरं अंग तिरकं. ती बराच वेळ बघत राहिली. मग चाळीसच्या टोकापासून साठच्या बाजूपर्यंत एक उभी रेघ मारली.

"हा झाला आयत. बाराशे. आन् ही कडंची तिकोनी पट्टी तीनशे. सगळं मिळून पंधराशे." ती थांबली. "पर बाई, सूत्र न्हाय वापरलं. चालंल का?"

"अगं, सूत्र असंच तर निघतं," बाई म्हणाल्या. "ते आत्ता तू काढलंस."

मित्रांनो, मी त्या मुलांना मदत केली की त्यांचं नुकसान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला एकच विनंती करतो. गुणपत्रिका हाती आली की आकडा वाचून ती दप्तरात कोंबू नका. चुकलेलं एक गणित घेऊन वर्गातल्या फळ्यापाशी या. तो जुना असेल, कोपरे झिजलेले असतील. तरी त्याच्यावर ते पुन्हा मांडा, आणि नाही जमलं तर तिथेच उभं राहून विचारा.