दारावरचे पाव

ट्राउटेचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा. म्युनिकमधली ही सुनावणी. अकरा वर्षं जिवापाड जपलेलं पेटंट राहणार की जाणार, ते आज दुपारपर्यंत ठरायचं होतं.

तिची युक्ती अशी: प्रक्षेपणाचा मनोरा रिकाम्या वेळात कार्यक्रम आधीच पाठवून ठेवतो, घरातला टीव्ही संच ते साठवतो, आणि बटण दाबलं की वाट पाहणं उरत नाही.

"काही झालं तरी तुम्ही बोलायचं नाही," तिचा वकील अंझेल्म याने बजावलं होतं. पण तिन्ही परीक्षकांच्या कपाळावरच्या आठ्या तिला बघवेनात. ती उठलीच.

"अहो, सोपं आहे! पहाटे बेकरीवाला दाराला पावाची पिशवी अडकवून जातो ना? भुकेच्या आधी पाव दारात. तसंच हे."

आठ्या गेल्या, तिघेही हसले. ट्राउटे खुशीत खाली बसली. अंझेल्मने डोळे मिटून घेतले.

पेटंट रद्द करायला निघालेल्या विरोधी कंपनीच्या वकील फोगेलबाई उठल्या. "आभारी आहे. बेकरीवाल्याला जे सुचतं ते कुशल तंत्रज्ञाला सुचणार नाही? हे तर उघडच आहे, आणि उघड गोष्टीला पेटंट मिळत नाही. आणि पेटंटच्या दाव्यात, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय त्या मजकुरात, नुसतं 'संच साठवतो' एवढंच. काय साठवायचं ते कोण ठरवतो, त्याचा पत्ता नाही."

तिघांपैकी अध्यक्ष म्हणाले, "एवढा रुंद दावा टिकेलसं दिसत नाही. वीस मिनिटं थांबू."

बाहेरच्या खोलीत ट्राउटे खिडकीपाशी जाई, दारापाशी येई; जीव कुठेच ठरेना.

"छान समजावलंत, ट्राउटेबाई!" अंझेल्म म्हणाला. " इतकं छान, की आता ते कुणालाही सुचलं असतं."

"मग काय कळणार नाही असं बोलायचं होतं?"

"गप्प बसायचं होतं." त्याने कागद पुढे केला. "हा पर्यायी दावा आपण आधीच जोडलाय. यात संच घरच्यांच्या सवयी पाहून स्वतःच निवडतो, मनोऱ्याला काही कळवत नाही. पण हा घेतला तर अर्धं रान सोडावं लागेल."

ती चालता चालता थबकली. "अंझेल्म, बेकरीवाल्याला ठाऊक असतं, कुठल्या दाराला किती पाव. माझ्या मनोऱ्याला घरं दिसतच नाहीत. तो सगळ्यांना तेच वाटतो. निवडतं ते दार!"

"हे आत बोला. एवढंच. त्यापुढे एक शब्द नाही."

ती बोलली, आणि खरंच गप्प बसली.

अध्यक्षांनी विचारलं, "फोगेलबाई, पाव निवडणारं दार तुम्ही दिलेल्या जुन्या शोधांच्या कागदांत कुठे आहे?"

फोगेलबाईंनी पानं उलटली. पुन्हा उलटली. सापडलं नाही.

तासाभराने निकाल आला: पेटंट टिकलं, अरुंद होऊन.

"खूश?" बाहेर अंझेल्मने विचारलं.

"अर्धं गेलं की रे."

"गेलं ते बेकरीवाल्याचंच होतं, बाई."

ती हसली. पण ट्रामच्या थांब्यावर पाय पुन्हा हलू लागला. तो बेकरीवाला आठवलाच नसता, तर सगळं टिकलं असतं, की सगळंच गेलं असतं?