पाण्यातून काढलेली गाडी

"गाडीतल्या बोर्डाचं काम आता आम्ही करत नाही, ताई," भारत म्हणाला आणि पान्यांच्या ट्रेमध्ये उगाच काहीतरी शोधू लागला. "तुम्ही दुसरीकडं बघा."

"सगळीकडं बघूनच आलेय, काका. तुमचं नाव कंपनीच्या वर्कशॉपमधल्याच एकानं सांगितलं."

दिंडोरी रोडवरच्या त्याच्या गाडी-वायरिंगच्या गाळ्यासमोर टोइंगच्या ट्रकवर एक पांढरी मोटार चढवलेली होती. बोलणारी मुलगी शेजारच्या फुलांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसली होती. तिचं नाव तेजस्विनी पिंगळे. ओझरच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय अधू झाले होते. ही मोटार तिनं हातांनी चालवता येईल अशी करून घेतली होती. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा बसवलेला. दाबला की ब्रेक लागायचा, ओढला की गाडी पळायची.

परवाच्या पावसात गंगापूर रोडच्या तिच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. लिफ्ट बंद पडली. "दुसऱ्या मजल्यावर बसून होते," ती सांगत होती. "खाली गाडी बुडतेय हे कळत होतं. कुबड्या घेऊन एवढे जिने उतरेपर्यंत पाणी सीटला लागलं होतं."

टेम्पोच्या दाराशी उभे असलेले तिचे वडील सावळीराम मखमलाबादचे. गुलाब आणि झेंडू पिकवायचे. ते म्हणाले, "कंपनीवाले म्हनले, भंगारात द्या. या जुन्या मॉडेलची पेटी येत नाय आता. मी म्हनलं, जाऊ दे ना ती गाडी. टेम्पो हाय ना आपला. रोज सोडीन अन् रोज आनीन."

तेजस्विनी नुसती समोर बघत राहिली. गाळ्याच्या आत, फोन आणि पावत्या सांभाळायला बसलेल्या ज्योत्स्नानं तिचा तो चेहरा पाहिला.

"करतो आम्ही," ज्योत्स्ना आतूनच म्हणाली. "उतरवा गाडी."

भारतनं वळून बायकोकडं पाहिलं. तो उजवा हात पँटच्या खिशात घालून उभा होता. हल्ली तो हात सारखा खिशातच असायचा.

*

हात थरथरायला लागून वर्ष होऊन गेलं होतं. आधी तो म्हणायचा, चहा जास्त झाला. मग म्हणाला, झोप नीट होत नाही. शेवटी ज्योत्स्ना त्याला ओढूनच डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी कंपवात आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. रिक्षात बसल्यावर भारत एवढंच म्हणाला, "गिऱ्हाइकांत बोलू नकोस." ती बोलली नाही. पण हळूहळू बारीक कामं तो परत पाठवायला लागला. हेडलाइट, हॉर्न, बॅटरी एवढंच घ्यायचा. दिवसाचा बराच वेळ गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचा. ज्योत्स्नाला ते बघवत नसे.

रात्री जेवताना तो चिडला. "हो म्हणून बसलीस. करणार कोण?"

"तुम्ही."

"अन् नाही झालं तर?"

"तर मी आहे की."

तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. लग्नाआधी ज्योत्स्ना सातपूरला टीव्हीचे बोर्ड जोडायच्या कारखान्यात होती. दिवसभर भिंगाखाली मान घालून सोल्डर मारायची, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायची. कारखान्याच्या बसचं वायरिंग बघायला एक किडकिडीत मुलगा यायचा, तो भारत. त्या वर्षी ती बस जरा जास्तच वेळा बिघडली, असं तिच्या मैत्रिणी अजून म्हणतात. लग्न झालं, पोरं झाली, पुढं कारखानाच बंद पडला. त्यानंतर तिनं सोल्डरची गन हातात धरली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामाला लागले. भारतनं सगळ्यात आधी बॅटरी सोडवली. "चावी फिरवली नाही ना तिनं?" त्यानं विचारलं. ज्योत्स्नानं फोन लावून विचारलं. नव्हती फिरवली. "पोरगी शहाणी आहे. पाण्यात करंट फिरला असता, तर या तारांचं पीठ झालं असतं."

सीट निघाल्या, खालचा गालिचा निघाला. त्याखालून चिखलाचं पाणी बदाबदा बाहेर आलं. आत नदीकाठासारखा वास भरला होता. तारांच्या जोडण्यांना गॅरेजमध्ये कपलर म्हणतात. एकेक कपलर उघडावा आणि आत पितळी पिनांवर हिरवी पूड जमलेली दिसावी. ज्योत्स्नानं घरून जुने टूथब्रश आणले होते. भारत कपलर सोडवून द्यायचा, ती स्प्रे मारून घासायची आणि उन्हात पेपरवर ओळीनं मांडायची.

"लोणच्याच्या फोडी वाळत घातल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

"मीठ घालू नकोस म्हणजे झालं."

कितीतरी दिवसांनी तो असं काही बोलला होता. ती मान खाली घालून घासत राहिली.

पायापाशी, डॅशबोर्डच्या आत एक काळी पेटी होती. गाडीचे दिवे, कुलपं, काचा, इतकंच काय, इंजिन चालू होऊ द्यायचं की नाही, हे सगळं तीच ठरवायची. भारतनं ती काढली, उघडली, आतला बोर्ड स्पिरिटनं धुतला आणि पंख्यापुढं ठेवला. वाळल्यावर भिंगाखाली धरला. एका कोपऱ्यात पाण्यानं तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या होत्या. तिथं केसाएवढी तार टाकून दोन्ही टोकांना सोल्डर मारायला हवं होतं.

त्यानं गन उचलली. मनगट टेबलाला टेकवलं. डाव्या हातानं उजवा हात धरला. गनचं टोक बोर्डाच्या वर हललं, बाजूला गेलं, परत आलं. त्यानं श्वास रोखला. टोक आणखीच हललं. ज्योत्स्ना पावत्या लावत असल्याचं सोंग करत होती.

"मीटरचा सेल उतरलाय," तो एकदम म्हणाला. "घेऊन येतो."

करंट तपासायच्या त्या मीटरचा सेल उतरला नव्हता, हे तिला माहीत होतं. तो गेल्यावर ती उठून त्याच्या स्टुलावर बसली. हात आधी जरा बिचकले, मग त्यांना आपलं आपण आठवलं. तार ठेवली, टोक टेकवलं, धूर निघाला, सोल्डर चमकून पसरलं. एक झालं, मग दुसरं, मग सगळीच. तिला इतकं बरं वाटलं की तो परत येऊन मागं उभा राहिलेला तिला कळलंही नाही.

भारतनं भिंग ओढून घेतलं. बराच वेळ बघितलं.

"झकास झालंय," तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. मग त्यानं हात धुतले, रुमालाला पुसले आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

*

तो जेवायलाही आला नाही. दुपारी फुलांचा टेम्पो गाळ्यासमोर थांबला. सावळीराम घाईनं उतरले, पलीकडं गेले आणि दार उघडून त्यांनी लेकीला काखेत धरून उचललंच.

"अण्णा, सोडा! उतरते ना मी."

"पडशील गं."

"पडले तर पडले. रोज उतरतेच की शाळेत."

कुबड्या लावून ती आत आली. कपाळाला घाम होता आणि डोळ्यांत राग. मागून सावळीराम अपराधी चेहऱ्यानं आले आणि ज्योत्स्नाला म्हणाले, "बघा, लय रागीट. आपन मदत करावी तर हे असं."

"मदतीचा राग नाही, अण्णा." तेजस्विनी खुर्चीत टेकली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तुम्ही विचारत नाही ना, त्याचा राग येतो. विचारलं तर मीच हात पुढं करीन. न विचारता उचललं की मला सामान असल्यासारखं वाटतं."

सावळीराम दाराशीच थांबले. ज्योत्स्नाची नजर टेबलावरच्या बोर्डाकडं गेली. चमकणारे डाग नीट ओळीत बसले होते. तिनं पदराला हात पुसले.

"तुम्ही जरा बसा," ती म्हणाली. "मी ह्यांना घेऊन येते."

भारत कुठं असेल, हे तिला ठाऊक होतं. पाटाच्या पुलाजवळच्या टपरीमागं बाकड्यावर तो एकटाच बसला होता. समोर चहाचा ग्लास, तसाच भरलेला. ती शेजारी बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

"काम चांगलं झालंय. चुकलं काय त्यात?"

"तेच म्हणतेय. काम चांगलं झालं, पण तुमच्या हातातून काढून घेतल्यासारखं केलं मी."

तो पाण्याकडं बघत राहिला. मग खिशातून उजवा हात बाहेर काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला. हात आपला हलत होता. तो जणू दुसऱ्याचा असावा तसं दोघांनी त्याच्याकडं बघितलं.

"मला वाटलं होतं, नातवंडं होईपर्यंत तरी टिकेल," भारत म्हणाला.

ज्योत्स्नानं चहाचा ग्लास उचलून त्यातला निम्मा पिऊन टाकला आणि उरलेला त्याच्या डाव्या हातात दिला. आता तो न सांडता प्यायला.

"गाडीचं पुढचं काम आहे अजून," ती म्हणाली. "जिथं बारीक आहे, तिथं मी करू का?"

त्यानं ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं.

"कर. पण गन फार तापवतेस तू. बोर्ड जळतो त्यानं."

"बरं."

"अन् भिंगाला इतकी चिकटून बसू नकोस. मान धरते मग."

"बरं म्हटलं ना."

*

पेटी बसवली, कपलर लावले, सीट परत चढवल्या, बॅटरी जोडली. तेजस्विनी आत जाऊन बसली. तिनं चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, काचा वरखाली झाल्या, कुलपं खटकन लागली. पण इंजिन काही हूं की चूं करेना.

ज्योत्स्ना लगेच गाडीशी आली. "माझंच काहीतरी राहिलं असेल."

"थांब." भारत पलीकडचं दार उघडून पाठीवर आडवा झाला आणि डॅशबोर्डखाली सरकला. मीटर घेतलं नाही. तारांची जुडी हातात घेतली आणि एकेक तार बोटांमधून सरकवत गेला. तार जरा वाकवायची, सोडायची, पुढची घ्यायची. हात थरथरत होता, पण या कामाला हात स्थिर लागत नव्हता. सावळीराम ओणवे होऊन टॉर्च धरून होते.

"ही बघ," भारत आतून म्हणाला. "ज्योती, इकडं ये. हात लाव हिला."

तिनं बोट फिरवलं. तार बाहेरून अगदी नवी दिसत होती. पण एका जागी वाकवल्यावर आतून वाळूसारखं करकरलं.

"कपलरमधून पाणी वर चढलंय. वरचं रबर शाबूत, पण आतलं तांबं सडलं. डोळ्यांना दिसायचं नाही हे. मीटरही कधी कधी फसतं." त्याचा आवाज आता नेहमीचा झाला होता, हुकूम सोडणारा. "इथनं काप. चांगलं तांबं लागेपर्यंत मागं ये. काळं दिसलं तर आणखी मागं."

तिनं कापलं. काळं निघालं. आणखी मागं कापल्यावर लालसर, स्वच्छ तांबं लागलं. दोघं त्या एवढ्याशा जागेत डोकी जोडून पडले. त्यानं नवी तार धरली, तिनं जोडली. तो हलायचा तेव्हा ती थांबायची, तो थांबला की ती टोक टेकवायची. थोड्या वेळानं त्याची लय तिच्या ध्यानात आली.

"आता मारा चावी," भारतनं खालूनच सांगितलं.

इंजिन सुरू झालं. तेजस्विनीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग लगेच ते खाली घेतले, दांडा धरला आणि विचारलं, "काका, एक चक्कर मारून येऊ?"

"चक्कर कसली? घरीच घेऊन जा. चार दिवसांनी परत दाखवायला आणा. पाणी फार लबाड असतं, कुठंतरी लपून बसतं."

सावळीराम पुढं झाले. गाडीच्या दाराशी आले, हात पुढं केला आणि मधेच थांबवला. "तेजू," ते म्हणाले, "मी टेम्पो घेऊन मागं मागं आलो तर चालंल का? नुसतं मागं."

ती खळखळून हसली. "चालेल. पण हॉर्न नाही वाजवायचा."

पांढरी मोटार रस्त्याला लागली. तिच्यामागं झेंडूच्या रिकाम्या क्रेटांचा टेम्पो बिगीबिगी निघाला. आधी आधी सावळीरामांनी बरंच अंतर ठेवलं होतं. नाक्याच्या वळणापर्यंत टेम्पो मोटारीला जवळजवळ चिकटलाच.

*

दिवेलागणीला त्यांनी शटर ओढलं. भारतनं स्कूटर बाहेर काढली आणि हँडल धरून तो तसाच उभा राहिला. मग किल्ली पुढं करून म्हणाला, "आज तू घेतेस का?"

बाजारात, बँकेत ज्योत्स्ना एकटी स्कूटर न्यायची. पण दोघं बरोबर असताना ती कधी पुढं बसली नव्हती. तिनं पदर खोचला आणि ती पुढं बसली. तो मागं बसला, डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

"मेरीच्या ऑफिसच्या गेटपुढं डाव्या अंगाला खड्डा आहे."

"माहीत आहे."

"बरं."

म्हसरूळच्या रस्त्याला सगळं गाव घरी निघालं होतं. थोडं पुढं गेल्यावर त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर आला. साडीच्या कापडातून तिला त्याची थरथर जाणवत होती. तिनं वेग आणखी कमी केला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं निघून जात होत्या, आणि ती दोघं रस्त्याच्या कडेकडेनं सावकाश चालली होती.