चंबूच्या वेलाचा रोजा

विठाबाईच्या हातचं खाऊन कुणी वाळका राहिलाय, असं सबंध कोल्हापुरात कुणी दाखवून द्यावं! तिच्या गोठ्यातल्या धारोष्ण दुधावर तालमीतली पोरं पोसलेली. डोळे फिरवलेलं रेडकू तिनं मांडीवर घेऊन पाजलं आणि चार पायांवर उभं केलं. नवरा आकाराम तर लग्नात असा काटकुळा होता, की हळद लावायच्या बायकांना त्याच्या अंगावर जागा सापडेना. त्याला विठाबाईनं असा खुराक लावला, की पुढं जत्रेजत्रेतनं तो फेटा बांधूनच घरी यायचा. शाहू महाराजांचं राज्य होतं, पैलवानाला मान होता, आणि पैलवानापेक्षा त्याला खाऊ घालणारीचा तोरा जास्त होता. माणूस असो, म्हैस असो, नाहीतर दारातली तुळस असो, विठाबाईचं औषध एकच. खुराक!

म्हणूनच समोरच्या घरातली अमीरबी एक वेल उराशी धरून तिच्याकडे आली.

अमीरबी नवऱ्यामागं टोप्या शिवून जगलेली बाई. एकुलता एक लेक गौस बोटीवर खलाशी होता. मोठी लढाई संपल्यावर तो रजेवर आला, आणि येताना सिंगापूरकडच्या रानातनं बिस्किटाच्या डब्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून एका वेलाचं रोप घेऊन आला. त्याच वेळी पेठ वडगावच्या रशीदभाई बागवानाच्या जरीनाशी त्याच्या मंगनीचं बोलणं चाललं होतं. जेवणं झाली, पान झालं, आणि ह्या शहाण्यानं होणाऱ्या सासऱ्याला सांगितलं की, ह्या वेलाला चंबू लागतात. खरेखुरे चंबू, वर झाकण, आत पाणी. माशी आत पडली की तिथंच विरघळते, आणि वेल तिच्यावर जगतो.

पुरावा म्हणून आणलेला एकमेव चंबू वाटेतच वाळला होता. रशीदभाईनं हातात घेतला आणि त्याचा चुरा झाला.

"आमी बागवान हाय," रशीदभाई म्हणाला. "वेलाला दोडका लागतोय, भोपळा लागतोय. झाकणाचं भांडं लागलेलं आमच्या आज्यानंबी बघितलं न्हाय. पोरा, तुझी बोट तरी खरी हाय, का तीबी वेलालाच लागली?"

बैठक हसली. नुसती हसून थांबली असती तर ठीक होतं. रशीदभाईनं दुसऱ्या दिवशी वडगावच्या भर बाजारात गौसला थापाड्या म्हटलं, आणि निरोप धाडला: बकरी ईदेपर्यंत चंबू दाखवा, न्हायतर पोरगी दुसरीकडं देतो. गौसची रजा संपली. जाताना तो विठाबाईच्या पाया पडला.

"मावशी, वेल तुमच्या हवाली. ह्याला खायला घालू नका काय. तिकडं निकस वाळूतच उगवतंय हे."

झालं! खायला घालू नका, म्हणे! विठाबाईला त्या वेलाची अशी कणव आली, की डोळ्यांत पाणी आलं. बिचारा परदेशात उपाशी वाढला. कोल्हापुरात, तेही विठाबाईच्या दारात, तो उपाशी राहणार होता काय?

तिनं नदीकाठची काळी माती आणली, त्यात मुरलेलं शेणखत कालवलं. वर शेंगदाण्याची पेंड, आठवड्याला ताकाचं पाणी. उन्हाचा ताव नको म्हणून कुंडी न्हाणीच्या खिडकीत ठेवली. वेलानं सुरुवातीला काय अंग धरलं! हातहातभर पानं, हिरवीगार. प्रत्येक पानाच्या टोकाला दोऱ्यासारखा एक लांब ताणा. आणि ताण्याच्या टोकाला? काही नाही. नुसता ताणा.

"अजून जरा खुराक पायजे," विठाबाई म्हणाली, आणि पेंड दुप्पट केली. मग पानांच्या कडा करपायला लागल्या. तिनं ताक वाढवलं. कडा काळ्या पडल्या. गल्लीतली तानाबाई नाक खुपसायला आलीच. "विठे, चंबू लागला काय गं? का अजून घडाय टाकलाय?" विठाबाईनं तिला अशी काही हाणली तोंडानं, की ती दोन दिवस ह्या बाजूला फिरकली नाही. पण मनातून विठाबाई हबकली होती. आपल्या हाताला यश नाही असं तिच्या आयुष्यात घडलं नव्हतं, आणि घडत होतं ते नेमकं अमीरबीच्या लेकाच्या जिवावर.

रमजान लागला. एका दुपारी अमीरबी वेल बघायला आली, तर विठाबाईनं सवयीनं दुधाचा पेला तिच्या हातात कोंबला.

"अगं विठाक्का, रोजा हाय की माझा!"

"मरू दे माझं ध्यान! तोंड बघ कसं सुकलंय. एवढं उपाशी राहून मिळतंय तरी काय तुला?"

"बस संध्याकाळपत्तोर, मग बघ," अमीरबी हसली.

सांजेला अमीरबीनं कट्ट्यावरच रोजा सोडला. हातात खजूर, डोळे आभाळाकडं. अजान झाली आणि तिनं ज्या ओढीनं तोंड उघडलं, ती ओढ विठाबाईनं आपल्या पंगतीत कधी बघितली नव्हती. तिच्या पंगतीत लोक तोंड फिरवायचे. पुरे म्हणायचे, ताटावर हात आडवा धरायचे. आत गोठ्यात म्हैस तट्ट फुगून बसली होती, पुढ्यातल्या वैरणीकडं ढुंकून बघत नव्हती.

विठाबाई ताडकन उठली.

"अमीरबी! चंबू म्हंजे ह्या वेलाचं तोंड की गं! आन् मी मेली त्येच्या पोटात खालनं ठासून भरतीया. पोट भरल्यावर कोण कशाला तोंड उघडंल?"

कळलं ते क्षणात, पण करायचं म्हणजे जिवावर आलं. कुणाला उपाशी ठेवणं हे विठाबाईच्या लेखी पाप. तिनं वेल उपटला, मुळं पन्हळीच्या पाण्यात धुतली आणि कोळशाचे तुकडे, नारळाची शेंडी, नदीची धुतलेली वाळू ह्यांत बसवला. विहिरीचं पाणी बंद, त्यातही मातीचा कस उतरलेला. पागोळीखाली पातेलं ठेवून साठवलेलं पाणी तेवढं घालायचं. जुनी पानं एकेक पिवळी पडून गळाली. तानाबाई गल्लीभर सांगत सुटली, की विठी आता झाडं उपाशी मारायला लागलीय. विठाबाईचा जीव तुटत होता. एकदा ती ओंजळभर शेणखत घेऊन गुपचूप न्हाणीकडं निघाली, तर दारात आकाराम लंगोट कसल्यासारखा उभा!

"माघारी फिर!"

"चिमूटभर घालते की हो. बघवत न्हाय मला."

"मला घातलंस तेवढं बास झालं. त्येचा रोजा मोडू नगंस!"

एवढ्या कुस्त्या मारलेला गडी, पण बायकोला असं अडवायची ही त्याची पहिलीच वेळ. विठाबाईनं ओंजळ तुळशीच्या बुडात रिकामी केली.

आखाडात नवं पान आलं. लहानसंच, पण टवटवीत. त्याच्या ताण्याचं टोक तांदळाएवढं फुगलं. विठाबाईला वाटलं, नजरेचा दोष असेल. मग ते शेंगेएवढं झालं, मिरचीएवढं झालं, खाली लोंबून पुन्हा वर वळलं. अंगावर तांबडे ठिपके आले. आणि एका सकाळी बघते तर चंबूचं झाकण उघडलेलं, आत घोटभर पाणी, आणि काठावर एक मुंगळा घसरगुंडी खेळतोय! विठाबाई रस्त्यावर जाऊन अशी ओरडली, की तालमीतली पोरं लाल मातीच्या अंगानं धावत आली. अमीरबी आली, चंबूकडं बघत राहिली, आणि विठाबाईच्या गळ्यात पडून रडली.

बकरी ईदेला रशीदभाई आला. नवा पांढरा सदरा, दाढीला अत्तर. सगळी गल्ली अमीरबीच्या दारात लोटली होती. त्यानं कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ताण्यावर दोरा बांधलाय का बघितलं.

"मेणानं चिकटवलाय," तो म्हणाला.

विठाबाईचं टाळकं सणकलं. "व्हय? मग वढून बघा की पावणं! वढा! एवढा एकच हाय आमच्याकडं, तरीबी वढा!"

रशीदभाईनं चंबू धरला आणि ओढला. ताणा तुटेना. चंबू मात्र कलंडला, आणि आतलं सगळं पाणी, मुंगळ्यांच्या टरफलांसकट आणि अर्धवट विरघळलेल्या माशांसकट, ईदेच्या नव्या सदऱ्यावर! तालमीतली पोरं खाली बसून हसली. तानाबाईसुद्धा हसली, आता बोला!

रशीदभाई मात्र हसला नाही. त्यानं सदऱ्यावरची माशी बोटावर घेतली, उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली. बागवानच तो. वेल खोटं बोलत नाही, एवढं त्याला कळत होतं.

"अमीरबी," तो म्हणाला, "पोरगं खरं बोललं. तारीख धरू या."

आता अमीरबी हो म्हणणार, असं सगळ्यांना वाटलं. पण एवढे दिवस खालमानेनं वावरलेली ती बाई मान ताठ करून उभी राहिली.

"तारीख मागनं. माझ्या लेकाला तुमी बाजारात खोटा म्हणालासा. आता खरा बी बाजारातच म्हणा."

येत्या बाजाराला विठाबाई आणि अमीरबी बैलगाडीनं पेठ वडगावला गेल्या. आकारामनं गाडी भर गर्दीत, रशीदभाईच्या दुकानासमोर लावली. टोपल्यांमागं तराजू धरून जरीना बसली होती, ओढणी कपाळापर्यंत ओढून. रशीदभाई भोपळ्यांच्या ढिगाशेजारी उभा राहिला. घसा खाकरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"कोल्हापूरचा गौस खरा हाय," तो म्हणाला. "चूक माझी झाली."

गर्दी थांबली. माना वळल्या. विठाबाईला इतका आनंद झाला, की गाडीतच उठून उभं राहावं असं वाटलं. पण ती काही बोलायच्या आत टोपल्यांमागनं खणखणीत आवाज आला. जरीनानं ओढणी मागं सारली होती.

"अब्बा, जरा जोरात! मागच्यांना ऐकू आलं न्हाय!"