गुरुजींची पाठ

त्या रविवारी गव्हाला पाणी द्यायचं होतं. लाइट दुपारपर्यंतच राहणार होती. आबांनी खोरं माझ्या हातात दिलं.

"दारं आज तू धर."

"मला न्हाई जमायचं, आबा. पुण्यात राहून हात मऊ झालेत."

"हातांचं मागनं बघू. आदी पाय चिखलात घाल."

दारं धरायची म्हणजे वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. आबा बांधावर गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

केंदूरच्या शाळेत गुरुजी असतानाही ते हेच करत. पोराच्या हातात खडू द्यायचा आणि आपण खिडकीकडे तोंड करायचं. "मास्तर म्होरं असला की पोरगं मास्तरचं तोंड वाचतं," म्हणायचे. "मग गणित कवा वाचणार?"

मला त्या पाठीचा राग यायचा. दहावीचा निकाल, पहिली नोकरी, सगळं मी तिलाच सांगत आले होते.

वाफ्याच्या कडेचा वरंबा फुटला. पाणी ओढ्याकडे धावलं.

"आबा, फुटलं!"

"मला कशाला सांगती? पाण्याला सांग."

आई न्याहारी घेऊन आली होती. "अवो, दावा की लेकीला! पोटची हाय, का तुमच्या शाळंतली?"

"शाळंतली आसती तर कवाच शिकली आसती," आबा म्हणाले. त्यांचे खांदे हसण्यानं हलले, पण ते वळले नाहीत.

संध्याकाळच्या एसटीनं मी पुण्याला गेले. सोमवारी पहाटे गोठ्यातच त्यांच्या छातीत कळ आली.

मी पोहोचले तेव्हा त्यांना अंगणात निजवलं होतं. तोंड माझ्याकडे होतं. डोळे मिटलेले.

दहावं उरकेपर्यंत, त्या रविवारी अर्धवटच भिजलेला गहू पिवळा पडायला लागला. आई म्हणाली, "जा बाई. गव्हाला सुतक नसतंय."

शेजारचा ईश्वर मोटर चालू करायला आला. तोही आबांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचीच पोरं शाळेत जातात.

"ताई, द्या इकडं खोरं."

"नको. तू तिकडं तोंड कर."

त्याला कळलं. तो बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळानं त्याचेही खांदे हलायला लागले. ते हसणं नव्हतं.

मी पाण्याकडे बघत राहिले. वरंबा कुठं ओलावून मऊ होतोय ते फुटायच्या आधी दिसत होतं. तिथं माती लोटली. एक वाफा भरला, मग दुसरा. शेवटच्या वाफ्याचं तोंड बांधलं, तरी कुठंच फुटलं नाही.

ईश्वरच्या शेजारी बांध रिकामा होता. मी त्या रिकाम्या जागेला म्हणाले, अगदी मोठ्यानं,

"आबा, जमलं मला. आता एकदा वळून बघा की."