कोपऱ्यातली चुक्की

आम्ही मूळचे दुधनीचे. सोलापुरात राहून घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी चालते आणि ठिपक्याला आम्ही चुक्की म्हणतो. माझी बसम्मा आत्या रोज दारात चुक्क्यांची रांगोळी काढते. एखादी चुक्की न जोडता राहिली तर घराला बरं नसतं, असं तिचं ठाम मत आहे.

आत्या कडक भाकरी करून हॉटेलांना देते. पहाटे मी तिच्याबरोबर थापायला बसते, तिथून कॉलेजला जाते आणि गणिताच्या तासाला झोपते. बारावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि मला सकाळ मोकळी हवी होती. मी रडून पाहिलं. आत्या म्हणाली, "तिकडं सरकून रड, पीठ खारट हुतंय."

त्याच आठवड्यात गणिताच्या गौस सरांनी विकीर्ण आकृती शिकवली. घरातल्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, ठिपके मांडा, त्यांच्यात सहसंबंध दिसतो का बघा. "आणि ठिपके जोडायचे नाहीत," असं ते दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

मी आडव्या अक्षावर चाचणीच्या दिवशी पहाटे थापलेल्या भाकरी घेतल्या, उभ्या अक्षावर त्या चाचणीचे मार्क. ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत गेले. पार खाली उजव्या कोपऱ्यात शंभर भाकरी आणि पंचवीसपैकी चार मार्क, हुरड्याच्या दिवसांतली ऑर्डर. सर बघून म्हणाले, "ऋण सहसंबंध. छान आहे." माझ्या मार्कांना कुणी छान म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी मी तो कागद आत्यासमोर ठेवला आणि समजावून सांगितलं, की भाकरी वाढल्या की मार्क उतरतात.

"मी जन्मभर थापतीय," आत्या म्हणाली. "माझं काय उतरलं?"

"तू परीक्षा कुठं दिलीस?"

तिने कागद स्वतःकडे ओढला. मी दूध उतरवायला आत गेले आणि परत येऊन बघते तर आत्याने पेन्सिलीने सगळे ठिपके जोडले होते. वळणं घेऊन, सुबक, एकही न सोडता. मला असा राग आला की दुधाचं पातेलं हातात आहे हेसुद्धा विसरले.

"आत्या! हे जोडायचं नसतं!"

"मग मांडायचं कशाला?" तिने कागद लांब धरला, जवळ धरला. तिचं तोंड वाकडं झालं. "लंगडी दिसती की गं. खाली उजवीकडच्या कोपऱ्यात चुक्की हाय, वर डावीकडच्या कोपऱ्यात न्हाय. हितं एक पायजे."

"तिथं पडायची तर त्या दिवशी एकही भाकरी थापायची नाही आणि पंचवीसपैकी पंचवीस मार्क मिळायला पाहिजेत."

आत्याने त्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. रांगोळी अर्धवट टाकणं तिच्याने होत नाही.

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या चाचणीच्या दिवशी मला जाग आली तेव्हा उन्हं आत आली होती. स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज येत होता, हातांच्या एकाच जोडीचा. मी कॉलेजला गेले. तासाला जागी राहिले, तर सरांनीच विचारलं, बरं आहे ना?

बावीस मार्क पडले. संध्याकाळी मी आत्यासमोरच ठिपका मांडला. तो कोपऱ्याच्या जरा खाली आला.

"घसरली की," आत्या म्हणाली.

"व्हय."

"पुसू नको. चुक्की पुसत न्हाईत. दुसरी पाड." ती परातीत पीठ ओतायला लागली. "नीट कोपऱ्यात पडंस्तवर पाडत ऱ्हा. बोर्ड हुईपर्यंत पडली न्हाय तरी चालंल. उद्या उठू नको."

मला रडू आलं. मी आधी पिठापासून लांब सरकले.